माहेरी आलेला मासा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विदुषी बोलवावयाच्या, त्यांनी बोलावयाचे आणि आपण ऐकावयाचे, अशी आपली चाल आहे. यंदा ठरलेल्या पाहुण्यांची प्रकृती बिघडली आणि तीन दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला गाठले. म्हणाल्या, "बाई, तुम्हीच बोला. त्या माशाच्या सिनेमावर बोला. त्या दिवशी अर्धवट राहिले ते पुरे करा." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकविले. तास संपल्याची घंटा झाली की गप्प बसावयाचे, ही सवय आहे. इथे घंटा नाही, तेव्हा कंटाळा आला तर चहाच्या कपांचा आवाज करावा. मी समजून घेईन.

आता विषय असा की, समुद्रातल्या शार्क माशावर परभणीत बोलावयाचे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण ऐटीत म्हणतो खरे, पण समुद्र काही आपल्या वाट्याला आलेला नाही. मुंबई इथून पाचशे किलोमीटर. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावर, नायक-नायिका गाणे म्हणत असताना. तरीही समुद्र आपल्या घरात येतो, बरे का. आठवडी बाजारात मापाने सुकट घेतो ना आपण, ज्वारीच्या भाकरीबरोबर खावयाला? ते समुद्रातल्या बारीक कोळंबीच्या जातीचे, जवळा म्हणतात त्याला. जगातला सर्वांत मोठा मासा जे इवलेसे जीव तोंड उघडून पाण्याबरोबर गिळतो, त्यांत या जवळ्याचे भाऊबंदही असतात. म्हणजे त्याचे आणि आपले पान एकाच पंगतीत मांडलेले आहे, एवढे तरी म्हणता येईल.

माझा तर शार्कशी संबंध फारच जुना आहे. मी सहा-सात वर्षांची असेन. दिवेलागणीनंतर मला दिसेनासे होई. अंगणातल्या खाटेला अडखळून पडले की आजी म्हणे, "पोरगी धांदरट आहे." पुढे डॉक्टरांनी सांगितले, हा रातांधळेपणा आहे, आणि एक बाटली दिली. आतले तेल पिवळे आणि वास असा की शेजारची मांजर दारात येऊन बसे. ते शार्क माशाच्या काळजाचे तेल. दुसऱ्या महायुद्धात विलायतेकडून येणारे कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्याकडे शार्कचे तेल काढू लागले होते. मुंबई आणि मद्रास सरकारांनी त्यात लक्ष घातले होते. 'अ' जीवनसत्त्व त्यात भरपूर. आमची आजी माळकरी, पंढरीची वारी न चुकविणारी. घरात मासळीचे नाव काढावयाची सोय नव्हती. पण औषधाला दोष नाही असे म्हणून तीच रोज सकाळी माझे नाक धरून चमचा तोंडात ओती. माझे डोळे सुधारले. तुम्हाला आज मी दिसते आहे आणि मला तुम्ही दिसता, त्यात कोणा एका शार्कचाही वाटा आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार साळसूदपणे बोलू लागले तर तुम्हाला आठवण राहील.

पुढे कृत्रिम जीवनसत्त्वे निघाली आणि त्या तेलावाचून आपले काही अडेनासे झाले. किनाऱ्यावर मात्र त्याचा दुसरा उपयोग चालूच राहिला. सौराष्ट्रात होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून व्हेल शार्कचे तेल चोपडीत. आपल्या मंडळात दाखविलेला अनुबोधपट त्याच व्हेल शार्कचा. त्याचे नाव 'शोअर्स ऑफ सायलेन्स', म्हणजे मौनाचे किनारे म्हणा. माइक पांडे यांनी तो काढला, 2000 साली तो लोकांपुढे आला, आणि त्याच वर्षी विलायतेत वन्यजीवांवरच्या चित्रपटांना जे पांडा पारितोषिक मिळते, ज्याला लोक हिरवे ऑस्कर म्हणतात, ते त्याला मिळाले.

त्या संध्याकाळी ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडे सांगते. चित्रपट पुरता अर्ध्या तासाचाही नाही. निवेदन इंग्रजीत, म्हणून मला पडद्याशेजारी उभे करून मराठीत सांगावयाला लावले होते. प्रथम तो मासा दिसला, तेव्हा सगळ्याजणी "अगं बाई!" म्हणाल्या. आपल्या एस. टी. गाडीएवढा लांब, काही तर त्याहूनही मोठे. अंगभर पांढरे ठिपके, जणू कोणी रांगोळीचे ठिपके काढून रेषा जोडावयाच्या ठेवल्या आहेत. हे ठिपके प्रत्येक माशाचे निराळे असतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यावरून मासा ओळखता येतो. जबडा एवढा थोरला, पण खाणे बारीक जीवांचे. माणसाच्या वाटेला तो जात नाही. पृष्ठभागाशी संथ पोहत राहतो.

आणि त्या संथपणातच त्याचा घात. होडी त्याच्या अंगावर नेली तरी तो चटकन पळत नाही. मग माणसे त्याच्या पाठीत भले मोठे लोखंडी आकडे रुतवीत. आकड्यांना दोर आणि दोरांना रिकामी पिंपे, म्हणजे मासा बुडी मारून दमावा आणि पुन्हा वर यावा. तिकडच्या लोकांनी त्याचे नावच 'बॅरल' पाडले होते. दमलेला मासा ओढत वेरावळकडे आणावयाचा, आणि किनाऱ्यावर कुऱ्हाडी-सुऱ्यांनी तोडावयाचा. एका माशाभोवती दहा-दहा माणसे. पूर्वी काम होते ते तेलाचे; मांस बहुतेक टाकूनच देत. पुढे ते परदेशी जाऊ लागले, विशेषतः तैवानला. तिथे त्याला 'तोफू शार्क' म्हणत, कारण शिजले की ते त्यांच्या सोयाबीनच्या पनीरासारखे पांढरे आणि मऊ लागते. परदेशची मागणी आली आणि शिकार शेकड्यांनी होऊ लागली.

पडद्यावर वाळूत रक्त पसरत होते आणि अशा नेमक्या वेळी आपली वीज गेली. आठवते ना? कोणीतरी "बरे झाले" म्हणाले. आपण सगळ्या अंधारात बसलो होतो. मी इंग्रजीच्या बाईच्या थाटात सांगत होते की ही माणसे किती निर्दय, किती अडाणी. तेव्हा मागच्या सतरंजीवरून प्रश्न आला, "बाई, त्या माणसांना एका माशामागं किती पैसे भेटत होते?"

प्रश्न विचारला तो आपल्या भोईगल्लीतल्या सभासदबाईंनी. त्यांचे नाव मी घेत नाही; त्यांनीच घेऊ नका म्हणून सांगितले आहे. त्यांचे माहेर येलदरीच्या धरणाकाठचे. भाऊ धरणात जाळे टाकतात आणि या ती मासळी परभणीत आणून दारोदार विकतात. आपल्यापैकी निम्म्याजणींनी त्यांच्याशी घासाघीस केलेली आहे, मी तर सर्वांत जास्त. मला उत्तर देता आले नाही. चित्रपट मी आधी दोनदा पाहिला होता, पण हे विचारावे असे मला सुचले नव्हते. वीज आली, उरलेला भाग पाहिला, पण तो प्रश्न मी घरी घेऊन गेले. पुढचे सगळे वाचन मी त्यासाठी केले.

आधी चित्रपटाने काय केले ते सांगते, कारण त्याने केले ते थोडे नाही. 28 मे 2001 रोजी भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला जे संरक्षण तेच या माशाला. त्या कायद्यात एखाद्या माशाचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी मासा म्हणजे वन्य प्राणी, ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. मासा म्हणजे मासळी, बाजारात टोपलीत असावयाची. हा विचार पालटण्यात या चित्रपटाचा मोठा हात होता, असे सगळेच मानतात. पुढच्या वर्षी, 2002 साली, भारत आणि फिलिपाइन्स यांच्या प्रस्तावावरून या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले. इतक्या लहान चित्रपटाने इतके करावे, याचे मला कौतुक वाटते. एरवी तीन-तीन तासांचे चित्रपट पाहून आपण डोळे पुसतो आणि घरी येऊन कुकर लावतो.

मात्र चित्रपट उलटही काम करतो. 1975 साली 'जॉज' नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यात शार्क माणसे खातो. तो पाहून जगभर लोकांच्या मनात या माशाविषयी अशी धास्ती बसली की शार्क मारणे म्हणजे पराक्रम झाला. ज्या कादंबरीवरून तो काढला तिचे लेखक पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी बोलत आणि लिहीत राहिले. आपण ज्याची भीती घातली त्याची बाजू उरलेल्या आयुष्यात मांडीत राहावयाचे, हेही सोपे नव्हे.

असो. कायदा झाला. पण वेरावळच्या धक्क्यावर जाळे विणीत बसलेल्या माणसाला दिल्लीच्या राजपत्रातले कसे कळावे? बहुतेकांना त्याची खबरच नव्हती. आणि ज्यांना होती त्यांच्यापुढे भोईबाईंचाच प्रश्न होता. मासा मुद्दाम मारला नाही तरी तो जाळ्यात येतो. जाळे हजारोंचे, तेही बहुधा उसनवारीचे. मासा सोडावयाचा तर जाळे कापावे लागते. जाळे वाचवावयाचे तर मासा मरतो. दिल्लीने सांगितले, मासा सोडा. जाळ्याचे काय, ते सांगितले नाही.

सरकारच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. जुलै 2001 मध्ये सरकारने सगळेच शार्क आणि त्यांच्या जातभाई माशांवर एकदम बंदी घातली. किनाऱ्यावर हाहाकार उडाला. कोळणींच्या टोपलीत जी मोरी असते, मुशी असते, तीही शार्कच. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची चाल किनाऱ्यावर जुनी आहे. आपण हाळीव-डिंकाचे लाडू देतो तसे. हे सगळे एका रात्रीत गुन्हा ठरले. डिसेंबरमध्ये सरकारला बंदी सैल करावी लागली आणि मोजक्या जातींपुरती ठेवावी लागली. तळमळीने केलेला कायदाही लोकांच्या चुलीपर्यंत जाऊन पाहून आला नाही तर असे होते.

आता मी ज्या भागासाठी उभी राहिले तिथे येते. 2004 साली गुजरातेत वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली, आणि त्यांनी कोणाला बोलाविले? शास्त्रज्ञाला नव्हे, पोलिसालाही नव्हे. रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंना. बापूंनी कोळी-खारव्यांना सांगितले की हा मासा दरवर्षी आपल्या किनाऱ्याला येतो, तो लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसा येतो. आणि माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतो काय? त्या माशाचे 'बॅरल' हे नाव जाऊन 'व्हाली' हे नाव आले. व्हाली म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्ये झाली. त्यांत एका कोळ्याची गरोदर लेक माहेरी येते, आणि इकडे बाप व्हालीच्या शिकारीला निघालेला, अशी गोष्ट. पोरबंदरने तर हा मासा आपल्या शहराचे मानचिन्ह म्हणून घेतला, आणि मग इतर शहरांनीही घेतला.

खरे सांगते, हे वाचताना माझ्या डोळ्यांना पाणी आले. आपल्यापैकी कोणाला माहेर कळत नाही? सातव्या महिन्यात एस. टी.त खिडकीशी बसून, पिशवीत दोन पातळी घालून आपण सगळ्या गेलो आहोत. पण शिक्षिकेच्या सवयीने एक दुरुस्ती करते. व्हेल शार्क तिथे बाळंतपणालाच येते असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले नाही. येणाऱ्यांत नरही असतात, अजून वयात न आलेले मासेही असतात. मात्र ती अंडी न घालता पिल्ले देते, हे खरे आहे, आणि ते जगाला कसे कळले ते ऐका. 1995 साली तैवानमध्ये मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे 300 पिल्ले निघाली. तेव्हा निश्चित समजले. त्याआधी कोणालाच नक्की माहीत नव्हते.

पण केवळ माहेरच्या गोष्टीने मासा वाचला असे मी म्हणणार नाही, कारण भोईबाई समोर बसल्या आहेत. गुजरातच्या वनखात्याने व्हेल शार्क सोडताना कापलेल्या जाळ्याची भरपाई देणे सुरू केले. आधी खात्याची माणसे पंचनाम्याला येईपर्यंत मासा जाळ्यातच तडफडे. मग कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. जाळे कापा, मासा सोडा, छायाचित्र काढा, आणि ते दाखवून भरपाई घ्या. माणसावर विश्वास टाकला. आजवर तिथे आठशेहून अधिक व्हेल शार्क कोळ्यांनी आपल्या हातांनी सोडले आहेत. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 पासून, संरक्षित समुद्री प्राणी सोडताना जाळे कापावे लागले तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्षाकडून ती दिली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोळ्यांनी त्यापायी कासवे सोडली, व्हेल शार्कही सोडले. चित्रपटाने डोळे उघडले, बापूंनी मन वळविले, पण जाळ्याचे पैसे कोणीतरी मोजले म्हणून हात वळला. माझ्या वाचनातून मला मिळालेले उत्तर ते हे.

आता ज्यांना व्हाली म्हणून कोणी बोलाविले नाही त्यांचे काय? मोरी लहान, ठिपके नाहीत, दिसावयाला काही खास नाही. पापलेट हजारोंनी अंडी सोडते. मोरी काही जातींत दोन-चार, काही जातींत दहा-पंधरा पिल्ले देते, आणि ती महिनोन् महिने पोटात वाढविते. वयात यावयालाच तिला वर्षे लागतात. अशा माशाला मोठी यांत्रिक जाळी परवडत नाहीत. समुद्राच्या तळाशी ओढीत नेलेल्या बारीक आसाच्या जाळ्यात सगळेच येते: मोठे, लहान, पोटुशी, कालची पिल्ले. त्यातले जे माणसाच्या खाण्याच्या कामाचे नाही ते वाळवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात जाते. 2021 साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तर खुल्या समुद्रातले शार्क आणि त्यांचे जातभाई 1970 पासून 71 टक्क्यांनी घटलेले निघाले. माझ्या रातांधळेपणाच्या वेळी समुद्रात जर शंभर असतील, तर आज तीसही नाहीत. परांसाठी होणारी शार्कच्या परांची निर्यात भारताने 2015 साली बंद केली. महाराष्ट्र सरकारने 2023 साली पापलेटला राज्यमासा केले आणि 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडावयाचा नाही. हे चांगलेच झाले. पण मुंबईच्या बाजारात पट्टी घेऊन कोण उभे राहणार, ही शंका माझ्यासारख्या म्हातारीला येतेच.

तर हे वाचून मी हुशार झाले, आणि नेमका ज्येष्ठ लागला. मृगाचा पहिला पाऊस झाला की धरणातला मासा ओढ्या-नाल्यांतून वर चढतो. अंडी घालावयाला चढतो. चढणीचे मासे म्हणतात त्यांना, आणि त्यांची चव आपल्याला ठाऊक आहे. पोटात अंडी असतील तर दर जास्त. सासरी आल्यापासून मीही ते आवडीने खाल्ले आहेत. माळ आजीबरोबर गेली. त्या सकाळी भोईबाई दारात टोपली घेऊन उभ्या. वरच पोट फुगलेला एक मासा. मी म्हणाले, "बाई, हीसुद्धा माहेरवाशीणच की. मी नाही घेत." त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी नका घेऊ, पुढच्या गल्लीत जाईल. पर मला सांगा, त्या गुजरातेत जाळ्याचे पैसे कुणी दिले म्हनलात? सरकारनं. हितं जेठ-आखाडात माझा भाऊ जाळं टाकायचा थांबला तर त्याच्या लेकरांना कोन देतं?"

त्यांना मी आत बोलाविले. आमच्या ओळखीला वीस वर्षे झाली होती, पण त्या माझ्या घरात बसल्या अशी ती पहिलीच वेळ, हे सांगावयाला मला लाज वाटते. त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नव्हते. धरणात राहू-कटल्याची बोटुकली बाहेरून आणून सोडतात. ती पुन्हा आणता येते. पण नदीचे आपले जुने मासे, वाम, मरळ, शिंगटा, यांचे बी कोणी सोडीत नाही. चढणीला मारले की संपले. त्यांच्या वडिलांच्या वेळी मनगटाएवढी वाम सहज मिळे. आता चिलापी मिळते. "आमाला कळत नाही असं नाही बाई," त्या म्हणाल्या. "दोन महिने पोटाची सोय झाली तर नाला सोडू आमी."

हे मी मंडळाच्या बैठकीत मांडले. तेव्हाची चर्चा सगळ्यांना आठवत असेलच. एका भगिनींनी विचारले, मंडळ मासे वाचविणार की बायका? दुसऱ्या म्हणाल्या, आपण पापडाचे काम देऊ. त्यावर आषाढात पापड वाळणार कुठे, हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंत अर्धा तास गेला होता! शेवटी वाकळी शिवण्याचे ठरले. चार घरांतल्या बायकांना दोन महिने शिवणाचे काम, मजुरी मंडळाच्या निधीतून आणि वाकळी विकून येईल त्यातून.

काय झाले ते लपवीत नाही. चार घरांपैकी दोन घरांनी नाल्यात जाळे टाकले नाही. तिसऱ्या घरचा पुरुष रात्री जात होता. बायकोने स्वतःच येऊन सांगितले आणि मजुरी परत करू लागली. आम्ही घेतली नाही. चौथ्या घरी आजारपण आले आणि त्यांनी काम सोडले. बावीस वाकळी झाल्या, एकोणीस विकल्या गेल्या. निधीतून खर्च झाला तो पुरता भरून आला नाही, आणि खजिनदारबाई माझ्याकडे त्या नजरेने पाहतात ती मला समजते. दोन नाल्यांत चढलेल्या माशांनी अंडी घातली असतील. मोजावयाला कोणी गेले नाही.

यंदा सहा घरे तयार आहेत. भोईबाईंनी माहेरी जाऊन स्वतः विचारून आणले आहे. म्हणून माझे मागणे एवढेच आहे. जुनी पातळे, धोतरे, चादरी असतील त्या धुऊन मंडळाच्या कपाटाशेजारच्या पेटीत अक्षयतृतीयेपर्यंत आणून टाकाव्यात. सुती असावीत. नायलॉनची आणू नयेत. त्यातून सुई सरकते, टाका धरीत नाही, आणि गेल्या वर्षी त्या तीन वाकळी राहिल्या त्या त्यामुळेच.